‘रक्त मागवायला हवं’, पण कोणी मागवायचं?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ‘मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात नऊ वर्षे अधिपरिचारिका आहे, त्यांतली सहा वर्षे प्रसूती कक्षात. दोन महिन्यांपूर्वी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एका बाईची प्रसूती झाली, वारही नीट पडली. डॉक्टर टाके घालत होते. दोन पंचवीसच्या सुमारास मावशी मला म्हणाल्या, “सिस्टर, हे तिसरं कापड भिजलं.” मी डॉक्टरांना म्हणाले, “सर, ब्लीडिंग जरा जास्त वाटतंय.” ते “हो, हो” म्हणाले आणि टाके घालत राहिले. पावणेतीनला बाईचा रक्तदाब उतरला आणि एकदम धावपळ सुरू झाली. “रक्त मागवायला हवं” असे कोणीतरी म्हणाले. तीन दहाला कळले की आमच्याच इमारतीतल्या रक्त साठवणूक केंद्राला कोणीच फोन केलेला नव्हता. पुढे बाईला १०८ रुग्णवाहिकेने जिल्ह्याला नेले, ती वाचली. नंतरच्या बैठकीत ‘कोणाची चूक’ यावरच तासभर गेला, आणि आता माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. आम्ही सगळे आपापले काम जाणणारे आहोत, कोणी झोपा काढल्या नाहीत, तरी असे का झाले? मी लहान तोंडी मोठा घास घ्यायला हवा होता का? की प्रसूती कक्ष सोडून दुसरा वॉर्ड मागून घेऊ?’

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दुपारी वाचून बाजूला ठेवले आणि रात्री पुन्हा काढले, कारण त्यातल्या वेळा मनातून जात नव्हत्या. दोन पंचवीस, पावणेतीन, तीन दहा. या सदराला येणाऱ्या पत्रांत राग असतो, रडू असते, पण वेळा फार थोडे लोक लिहितात. तुम्ही त्या लिहिल्या आहेत, त्यामुळे तुम्हाला मोघम धीर देण्याऐवजी नेमके काही सांगता येईल असे वाटते. मी स्वतः तीसहून अधिक वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले आहे आणि त्यांतल्या कितीतरी रात्री प्रसूतीच्या टेबलाशी उभी राहून काढल्या आहेत. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या रुग्णालयाच्या ठरलेल्या पद्धतीनेच व्हावेत, त्याबद्दल मी इथे बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते त्या खोलीतल्या माणसांनी एकमेकांना काय सांगितले आणि त्यातले किती पोहोचले याबद्दल.

सुरुवात मावशींपासून करते. त्या रात्री दोन पंचवीसला त्या खोलीतली सगळ्यात मोलाची माहिती त्यांच्या हातात होती, अगदी शब्दशः हातात. कापड बदलायला वाकणाऱ्या बाईला त्याचे वजन कळते, ते किती लवकर भिजले हे कळते, आधीची दोन कुठे टाकली हेही तिलाच माहीत असते. डॉक्टरांची नजर तेव्हा दोन बोटे रुंदीच्या जखमेवर होती. तुमची नजर बाळावर, सलाईनवर, केसपेपरवर फिरत होती. ज्या व्यक्तीच्या शब्दाला त्या खोलीत सर्वांत कमी वजन आहे, तिच्याकडे सर्वांत वजनदार गोष्ट होती, आणि तिने ती रिवाजाप्रमाणे डॉक्टरांना न सांगता तुम्हाला सांगितली.

आता त्या वाक्याचे पुढे काय झाले ते पाहा. ‘हे तिसरं कापड भिजलं’ ही मोजणी आहे. तुमच्या तोंडून ती पुढे गेली तेव्हा तिचे ‘जरा जास्त वाटतंय’ झाले, म्हणजे मोजणीचे मत झाले, आणि तेही ‘जरा’ आणि ‘वाटतंय’ अशा दोन उशा लावून ठेवलेले मत. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत त्याचे ‘हो, हो’ झाले. एका मिनिटात, तीन माणसांच्या प्रवासात, आकडा विरघळून गेला. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तुम्ही तो शब्द मऊ केलात कारण वरिष्ठांशी असेच बोलायचे असते हे आपण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकतो.

ती वीस मिनिटे लहान नव्हती. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळले गेले नाही तर ते किती वेगाने बाहेर पडू शकते हे तुम्ही माझ्याइतकेच पाहिले आहे. डोळ्यांनी केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमीच भरतो, कारण रक्त कापडात मुरते, चादरीखाली साचते, बादलीतल्या पाण्यात मिसळते. शिवाय तरुण, धडधाकट बाईचे शरीर बराच वेळ तोल सांभाळून धरते. नाडी आधी वाढते आणि रक्तदाब पुष्कळ नंतर पडतो. म्हणून पावणेतीनला जी धावपळ ‘एकदम’ सुरू झाली असे तुम्ही लिहिता, ती त्या बाईच्या शरीरात वीस मिनिटे आधीच सुरू झालेली होती.

या संदर्भात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाची मला फार आठवण झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर तो झाला. बाळंतिणीखाली प्लॅस्टिकची एक साधी पिशवीवजा चादर पसरायची, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या, आणि रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकापाठोपाठ एक वाट न पाहता एकदमच सुरू करायचे. जिथे हे केले गेले तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. नेहमीच्या पद्धतीत जवळपास निम्म्या स्त्रियांचा रक्तस्राव वेळेवर ओळखलाच जात नव्हता, तर या पद्धतीत ९० टक्क्यांहून अधिक ओळखला गेला. औषधांपैकी एकही नवे नव्हते. माझ्या मते त्या चादरीने केलेली मोठी गोष्ट ही की, तिने परिचारिकेच्या तोंडी आकडा दिला. ‘जास्त वाटतंय’ म्हणायला धाडस लागते, कारण समोरच्याला ते तसे वाटत नसेल तर वाद दोन मतांचा होतो आणि मतांच्या वादात दर्जा जिंकतो. ‘पाचशे झाले’ म्हणायला कोणतेही धाडस लागत नाही. तुमच्याकडे ती चादर नसेल तर कापडे मोजा आणि वजन करा. कोरडे कापड किती ग्रॅमचे हे एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. भिजलेल्या कापडाच्या वजनातून ते वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. वजनकाटा तुमच्या कक्षात बाळासाठी असतोच.

आता त्या ‘हो, हो’ बद्दल. डॉक्टरांनी तुमचे ऐकले नाही असे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते बरोबर आहे. त्यांनी ऐकले, उत्तरही दिले, पण ते त्यांच्या मनात उतरले नाही, कारण मन टाक्यांवर होते. हे माणसाच्या मेंदूचे वागणे आहे आणि त्याची किंमत विमानवाल्यांनी आपल्या आधी मोजली. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलँडजवळ १८९ माणसांना घेऊन येणाऱ्या एका विमानाची चाके नीट उतरली की नाही याची शंका आली. कप्तान अनुभवी होता. त्या एका प्रश्नात तो इतका बुडाला की सुमारे तासभर विमान आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधनाकडे लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर शेजारीच बसला होता. इंधन उतरत चालल्याचे तो सांगत होता, पण सांगण्यात ‘आता उतरलेच पाहिजे’ असा निकराचा सूर नव्हता. शेवटी धावपट्टी काही मैलांवर असताना इंजिने बंद पडली. १० माणसे गेली, त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता. त्या अपघाताच्या चौकशीनंतर सांगितले गेले की कप्तानांना ऐकायला आणि इतरांना ठामपणे बोलायला रीतसर शिकवले पाहिजे. १९७९ मध्ये नासाने त्यावर परिषद भरवली आणि १९८१ पासून त्याच विमान कंपनीने हे शिक्षण सुरू केले. आज जगभर वैमानिकांना ते सक्तीचे आहे. आपल्याकडे मात्र शरीरशास्त्रावर परीक्षा होते, औषधांच्या मात्रांवर होते, आणि रात्री अडीचला सरांना ‘थांबा’ कसे म्हणायचे हे कोणीही शिकवत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुम्ही विचारता, लहान तोंडी मोठा घास घ्यायला हवा होता का. माझे म्हणणे असे की तो घास तुमचाच होता, पानात वाढलेला होता. २००५ साली इंग्लंडमध्ये मार्टिन ब्रोमिली नावाच्या वैमानिकाची पत्नी सायनसच्या एका साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग सापडेना. तीन अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले आणि वेळ कसा गेला याचे भान त्यांना राहिले नाही. त्या खोलीतल्या एका परिचारिकेने गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वासमार्ग करण्याचे साहित्य आणून ठेवले होते. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवायला फोन केला होता, पण डॉक्टरांचे चेहरे पाहून आपणच उतावीळ झालो असे तिला वाटले आणि तिने तो निरोप मागे घेतला. म्हणजे करायचे काय हे त्या खोलीत ठाऊक होते, फक्त ते ज्यांच्या हातात सूत्रे होती त्यांच्यापर्यंत गेले नाही. ती बाई तेरा दिवसांनी गेली. नवऱ्याने कोणाला शिक्षा मागितली नाही. यातून शिकता यावे म्हणून त्याने चौकशी मागितली आणि पुढचे आयुष्य रुग्णालयांतल्या माणसांना हेच सांगण्यात घालवले. भूलतज्ज्ञ म्हणून ही घटना मी शेकडो वेळा मनात उलटसुलट केली आहे, आणि दर वेळी माझी नजर त्या साहित्य आणून ठेवणाऱ्या परिचारिकेवर थांबते.

मग बोलावे कसे? आदर सोडायची गरज नाही. मराठीत ‘थांबा’ या एका शब्दात आदरही आहे आणि आज्ञाही आहे, ही सोय सगळ्या भाषांत नाही. पहिल्या वेळी आकडा सांगा: ‘सर, तिसरं कापड भिजलं, नाडी एकशे अठरा आहे.’ उत्तर नुसते ‘हो’ आले तर दुसऱ्या वेळी नाव घेऊन, आवाज एक पट्टी वर नेऊन, काळजी आणि मागणी एकत्र सांगा: ‘डॉक्टर अमुक, मला काळजी वाटते आहे, टाके सोडून आधी गर्भाशय पाहा.’ तरीही हात थांबले नाहीत तर तिसऱ्या वेळी: ‘सर, थांबा. हे सुरक्षित नाही. मी भूलतज्ज्ञांना आणि वरिष्ठांना बोलावते आहे.’ आणि खरोखर बोलवा. हे तीन पायऱ्यांचे बोलणे एका मिनिटात व्हायला हवे. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमध्ये दहा मिनिटे ‘बघू या’ म्हणून जाऊ देऊ नका. ‘वाटतंय का?’ असा प्रश्न तर करूच नका. प्रश्नाला ‘नाही, ठीक आहे’ असे उत्तर मिळते आणि मग तुमचे तोंड बंद होते.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपली भाषाच आपल्याला दगा देते. ‘रक्त मागवायला हवं’ या वाक्यात कर्ता नाही. ‘फोन करायला पाहिजे’, ‘निरोप गेलाय’, ‘सांगितलंय’, ‘होईल’, ‘बघतो’ या वाक्यांतही नाही, किंवा असला तरी काम कधी आणि कोणत्या हाताने होणार ते त्यांत नाही. घरात हे चालते, कार्यालयातही चालून जाते. पण सहा माणसे धावत असतात तेव्हा कर्त्याविना वाक्य हवेत राहते आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते की ते दुसऱ्याने झेलले. ‘हो’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘ऐकले’, ‘कळले’, ‘करते’ आणि ‘केले’ या चारही गोष्टींसाठी आपण ‘हो’ म्हणतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका रुग्णालयात सिझेरियनच्या वेळी गर्भाशय आवळेना. मी मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाले, ‘रक्तपेढीला कळवा, लवकर.’ खोलीत आम्ही सात जण होतो. चौदा मिनिटांनी मी विचारले, ‘रक्त कुठे आहे?’ सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग माझे लक्ष ट्रॉलीवर गेले. क्रॉस-मॅचसाठी, म्हणजे रक्त जुळते का ते पाहण्यासाठी, घेतलेली रक्ताची नळी तिथेच पडलेली होती. तिच्यावर चिकटपट्टी व्यवस्थित लावलेली, पट्टीवर बाईचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेले, खाली तारीख आणि वेळसुद्धा. कोणीतरी नस शोधून रक्त काढले होते, कोणीतरी मन लावून नाव लिहिले होते, वॉर्डबॉय मामा दारात पाय उचलायच्या तयारीत उभे होते, आणि ‘मामा, ही नळी घेऊन जा’ हे पाच शब्द कोणीच बोलले नव्हते. तो दोष माझा होता. मी सहा जणांना सांगितले, म्हणजे एकालाही सांगितले नाही. त्या बाईचे गर्भाशय काढावे लागले. ती चौदा मिनिटे मिळाली असती तर ते वाचले असते का, याचे उत्तर मला कधीच मिळणार नाही.

तेव्हापासून मी नाव घेतल्याशिवाय काम सांगत नाही, आणि ज्याला सांगितले त्याने ते उलट म्हणून दाखवल्याशिवाय सांगितले असे मानत नाही. ‘सुनीता सिस्टर, साठवणूक केंद्राला फोन करा, दोन पिशव्या, आणि केल्यावर मला सांगा.’ ‘साठवणूक केंद्राला फोन, दोन पिशव्या, करते.’ आणि मग पुन्हा, ‘मॅडम, फोन केला, दोन तेहेतीसला, पिशव्या निघाल्या.’ पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटते, शाळेतल्या पाढ्यांसारखे वाटते. नंतर ते इतके अंगवळणी पडते की कोणी नुसते ‘हो’ म्हणाले तर कानाला खटकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी १९ मुद्द्यांची यादी आणली, तिच्यात सगळ्यांनी आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे असा एक मुद्दा आहे. पुष्कळांना तो फालतू वाटतो. पण ज्याचे नाव माहीत नाही त्याला काम सोपवता येत नाही, आणि ज्याने एकदा तोंड उघडले आहे त्याला दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते. तुमच्या मावशींचे नाव डॉक्टरांना माहीत आहे का?

तुमच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवता आले तर पुढचा परिच्छेद त्यांच्यासाठी आहे.

डॉक्टर, ज्याचे हात कामात आहेत त्याला खोली दिसत नाही. हा आपल्या विद्येतला उणेपणा नव्हे, ती कामाची अट आहे. म्हणून टाके हातात घेण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणा: ‘मी आता खाली पाहणार आहे, मला बाकी काही दिसणार नाही, कापडं आणि नाडी मला न विचारता सांगत राहा.’ या एका वाक्याने सिस्टरांना परवानगीही मिळते आणि जबाबदारीही. आणि कधी त्यांनी थांबवले आणि काहीच निघाले नाही, तर चिडू नका, ‘बरं केलं सांगितलंत’ म्हणा. मी माझ्या उमेदीच्या वर्षांत एका नवख्या परिचारिकेवर अशाच खोट्या इशाऱ्यावरून सर्वांसमक्ष डाफरले होते. ती गप्प झाली हे मला दिसले. तिच्याबरोबर बाकीच्याही गप्प झाल्या होत्या हे कळायला मला कितीतरी महिने लागले, आणि त्या महिन्यांत मला काय काय सांगितले गेले नाही याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत अशा वेळी एक जण नुसता खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, कशालाही हात लावत नाही, सगळे पाहतो आणि कामे वाटतो. तुमच्याकडे रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मावशी, तिथे असा माणूस आणायचा कुठून? मला वाटते, केसपेपरवर वेळा लिहिणाऱ्या सिस्टरांनीच ते काम करावे. गणवेशावर चिकटपट्टीचा लांब तुकडा लावून त्यावर वेळा लिहिण्याची आपली जुनी सवय चांगली आहे, फक्त त्या लिहिताना मोठ्याने बोला. दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे: ‘दोन चाळीस. चार कापडं. नाडी एकशे चोवीस. ऑक्सिटोसिन चालू. रक्त निघालंय. एकशे आठ अजून बोलावलेली नाही.’ शेवटचे वाक्य ऐकताच कोणीतरी फोनकडे वळेल. राहिलेले काम बोलण्यातून दिसू लागते.

आणि नातेवाइकांशी बोलायला एक माणूस आधीच ठरवा. दाराशी वाढत जाणारा गलका आतल्या सगळ्यांची डोकी फिरवतो, आणि दर दहा मिनिटांनी कोणी बाहेर येऊन खरे ते सांगितले तर तो बराच शमतो.

हे सगळे ऐन वेळी सुचत नाही. रात्रपाळी सुरू होताना हँडओव्हर होतो तेव्हा तीन मिनिटे जास्तीची काढा. आज ऑन-कॉल कोण, त्यांचा फोन लागतो का, रक्तस्राव झाला तर साठवणूक केंद्राला फोन कोण करणार, तातडीच्या औषधांचा ट्रे कुठे आहे, आणि फ्रिजची किल्ली कोणाकडे आहे. किल्लीबद्दल मी मुद्दाम लिहिते आहे. ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते, म्हणून ते फ्रिजमध्ये, फ्रिजला कुलूप, आणि किल्ली दिवसपाळीच्या परिसेविकांच्या पर्समध्ये घरी गेलेली, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

महिन्यातून एकदा सराव करा, आणि तो दुपारी बाराला सभागृहात न करता रात्री, त्याच कक्षात, त्याच माणसांनिशी करा. लाल रंगाचे पाणी, चार कापडे आणि खाटेवर झोपायला तयार असलेली एक विद्यार्थिनी एवढे पुरते. पाणी मोजून ओता आणि सगळ्यांना अंदाज विचारा. अंदाज किती कमी येतो हे पाहून डॉक्टरही चकित होतात. आणखी एक गोष्ट सुचवते, तिचा मला फार उपयोग झाला. सरावात डॉक्टरांनी एकदा मुद्दाम चुकीची मात्रा सांगायची, केव्हा ते कोणालाच आधी कळू द्यायचे नाही, आणि कोण अडवते ते पाहायचे. पहिल्या खेपेला बहुधा कोणीच अडवत नाही, खोलीत नुसती चुळबुळ होते. दुसऱ्या खेपेला कोणीतरी अडवते आणि सगळे हसतात. ज्याने एकदा सरांना सरावात अडवले आहे, त्याच्या जिभेला ते शब्द खऱ्या रात्री सापडतात.

तुमच्या पत्रातली बैठकीची हकिगत वाचून मला खेद झाला. तिथे ‘कोणाची चूक’ यावर तासभर गेला आणि किल्ली, फोन, कापडे यांचा उल्लेखही झाला नाही. असे झाले की पुढच्या वेळी माणसे आधी स्वतःला सांभाळतात आणि मग रुग्णाला. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना एक उलटे चित्र दिसले. ज्या गटांत माणसांचे एकमेकांशी चांगले होते, त्यांच्या नावावर चुका जास्त नोंदलेल्या होत्या. नीट पाहिल्यावर कळले की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. म्हणून माझी सूचना अशी की घटनेनंतर त्याच पाळीत, घरी जाण्यापूर्वी, दहा मिनिटे सगळ्यांनी बसावे, मावशींसकट. काय दिसले, केव्हा दिसले, आणि कोणाला सांगितले, एवढेच बोलावे. कारणे आणि दोष दुसऱ्या दिवसासाठी ठेवावेत, तोवर डोके ताळ्यावर येते.

तुम्हाला या आठवड्यात काय करायचे ते आता सांगते. दुसरा वॉर्ड मागू नका, निदान याच कारणासाठी मागू नका. जी गोष्ट त्या रात्री घडली ती कोणत्याही वॉर्डात घडू शकते, आणि तिचे बारकावे ज्या परिचारिकेला मिनिटामिनिटाने आठवतात, तिची प्रसूती कक्षाला गरज आहे. थकवा असेल, झोप लागत नसेल, तर महिनाभर दिवसपाळी मागून घ्या. ते मागण्यात कमीपणा नाही, आणि झोप महिन्यानंतरही आली नाही तर ते एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

खुलासा संरक्षणाच्या भाषेत लिहू नका. ‘माझी कोणतीही चूक नाही’ या वाक्याने सुरू होणारे खुलासे फायलीत जातात. वेळा लिहा, मला लिहिल्यात तशाच. दोन पंचवीसला मावशींनी काय सांगितले, त्यांचे शब्द जसेच्या तसे. तुम्ही काय म्हणालात, तेही जसेच्या तसे, ‘जरा’ आणि ‘वाटतंय’ सकट. फोन कोणी करायचा हे ठरलेले नव्हते, असे स्पष्ट लिहा, कारण ते खरे आहे आणि त्यात कोणा एकावर बोट नाही. त्याखाली तीन मागण्या लिहा: मोजण्याची सोय, पाळीच्या सुरुवातीला नावानिशी कामाची वाटणी, महिन्याला एक सराव. कागद देण्यापूर्वी तो डॉक्टरांना वाचायला द्या, त्यांना तो अधीक्षकांच्या टेबलावर पहिल्यांदा दिसता कामा नये. आणि मावशींना एकदा बसवून वाचून दाखवा. त्यांचे वाक्य तुम्ही बरोबर उतरवले आहे की नाही, हे त्याच सांगू शकतील.

तुमची,
सल्लागार